इकडची हाळी, तिकडची हाळी

पंचायतीच्या पेटीत पहिला कागद पडला, तेव्हा शाळू नुकता निसवून कणसांत दाणा धरत होता.

पेटी पत्र्याची होती. संस्थानानं गावोगाव पंचायती करायचं मनावर घेतलं, तेव्हा नीरेकाठच्या केतकवाडीला पाच पंच, एक शिक्का, एक सतरंजी आणि ही पेटी मिळाली. शाळेचे मास्तर पंचायतीचं लिहिणं-वाचणं बघत. त्यांनी पेटीवर तांबड्या रंगात 'तक्रारी' असं लिहून ती चावडीच्या खांबाला अडकवली. किल्ली सरपंच चिमाजी पाटलांच्या करगोट्याला. सात महिने पाटील दर बैठकीला पेटी उघडत होते. आतून निघालेला माल असा: दोनदा पालीची अंडी, एकदा बाभळीचा काटा, एकदा विडीचं थोटूक. गावात भांडणं नव्हती असं नाही. पण भांडायचं ते बांधावर उभं राहून, पदर खोचून. कागदावर भांडायची कुणाला सवय नव्हती.

म्हणून आठव्या महिन्यात पेटीतून चौघडी घातलेला, नीट समास सोडलेला कागद निघाला, तेव्हा पाटलांनी तो आधी झटकून पाहिला.

"मास्तर, आपल्यालाच हाय का ह्यो?"

मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचलं. अर्जदार अनंत बल्लाळ दप्तरदार. विषय: शेजारील शेतातून होणारा आवाजाचा उपद्रव.

"आवाजाचा?" बाजी हसला. पाच पंचांत हसणं हे त्याच्याकडंच होतं. "वासाची असती तर समजलं असतं. पंतांचं घर मानसिंगाच्या उकिरड्याच्या वाऱ्यावर हाय."

मानसिंगाला ते झोंबलं, पण तोही पंच होता, म्हणून गप्प बसला.

दप्तरदार पंत गावचे नव्हते. भोरला पस्तीस वर्षं दप्तराच्या खोलीत कागद बांधण्यात आणि सोडण्यात गेली. त्या खोलीत खोकायचं झालं तरी माणूस बाहेर जाई. नोकरी सुटल्यावर दोघांनी निवांत राहावं म्हणून त्यांनी नदीकाठी दोन खोल्या आणि एक ओटी बांधली. घर पुरं झालं आणि त्याच महिन्यात बायको गेली. दोन पाट, दोन तांबे, दोन खुंट्या. पंत एकटेच राहायला आले आणि रोज एकच खुंटी वापरू लागले.

अर्जाला एक तक्ता जोडला होता. पंतांनी तीन दिवसांचा आवाज मोजला होता. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडं 'इकडून', उजवीकडं 'तिकडून'. सोमवारी इकडून एकशे बेचाळीस, तिकडून एकोणतीस. खाली बारीक अक्षरांत खुलासा: इकडून म्हणजे धोंडाबाई कोंडिबा यांची पाखरे हाकण्याची हाळी. तिकडून म्हणजे नदीपलीकडून येणारा प्रतिध्वनी.

"एकशे बेचाळीस!" बाजी म्हणाला. "माझी म्हातारी एवड्या शिव्या एका सांजंला देती. तिचा बी तक्ता करा म्हणावं."

"गप रं," पाटील म्हणाले. त्यांना विषयाचं गांभीर्य कळायला लागलं होतं. त्यांच्या घरी भजनाचा पखवाज होता. मानसिंगाची कुत्री रात्रभर भुंकत. बाजीच्या दाराशी लोहाराचा भाता होता. आवाजाला एकदा हात घातला तर तो कुणाच्या दारी जाऊन थांबेल, हे प्रत्येकानं आपापल्याशी मोजून पाहिलं. मग सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदमच समाधान आलं. धोंडाबाईला पुरुषमाणूस नव्हता, भाऊबंद नव्हते. तिच्यापासून सुरुवात करायला काही हरकत नव्हती.

"जागेवर जाऊन ऐकायचं," पाटलांनी सांगितलं. "ऐकल्याबगर न्याव करायचा न्हाई."

*

धोंडाबाईचा माळा पंतांच्या ओटीपासून साठ पावलांवर. चार बाभळीच्या मेढी, वर आडवी लाकडं, त्यावर कडबा आणि एक फाटकं घोंगडं. दिवस उगवायच्या आत ती वर चढे. पायांना भेगा, त्या मेढीच्या सालीत अडकत. कमरेला गोफण, ओच्यात नदीतले गोल खडे.

आधी चिमण्या येत. मग राघू, ते नासाडी जास्त करत, कणीस तोडून अर्धं टाकून देत. ऊन वर आलं की भोरड्यांचा थवा यायचा. काळ्या-गुलाबी पाखरांचं एक अख्खं कापड रानावर पडल्यासारखं. त्यांना गोफण पुरत नसे. तेव्हा धोंडाबाई उभी राही, दोन्ही हात तोंडाशी धरी आणि पोटातून हाळी काढी.

"हुर्रर्र हाऽऽ… हूऽऽऽय!"

ही हाळी तिच्या नवऱ्याची होती. शेवटचा 'हूय' वर फेकायचा, मग आवाज नदी ओलांडतो, असं कोंडिबा म्हणे. त्यानं ती पोरीला शिकवली होती. सगुणा आठ वर्षांची असताना ह्याच माळ्यावर उभी राहून तिनं भोरड्यांचा पहिला थवा उठवला होता, आणि कोंडिबानं तिला खांद्यावर घेऊन बांधावरून मिरवलं होतं.

आता सगुणा नदीपलीकडं पानवळीला नांदत होती. तिच्या सासरचं शाळूचं रान बरोबर समोर होतं. मधे नदी. पाणी गुडघ्याएवढं. माणसं उतारानं रोज येत-जात. सगुणाला यायला मात्र मनाई होती.

त्याचं असं झालं. कोंडिबा गेला तेव्हा सांगावा सकाळी धाडला होता. पानवळीची माणसं म्हणाली, धारा काढून होऊ दे, भाकरी होऊ दे. सगुणा पोचली तेव्हा चिता पेटून विझत आली होती. बापाचं तोंड तिला दिसलं नाही. तेराव्याला व्याही जेवायला बसले, तेव्हा धोंडाबाईनं भर पंक्तीत त्यांच्या पुढचं ताट उचललं. "पोरीला बापाचं त्वांड दावलं न्हाईसा, तुमी माज्या दारात त्वांड हलवू नका," असं म्हणाली. व्याही उठले. "आमच्या घरची बाई आता ह्या काठाला यायची न्हाई," असं म्हणून नदी ओलांडून गेले. त्याला तीन वर्षं झाली होती. सगुणाला मुलगी झाली, ती पण ह्या काठाला ऐकूनच कळली.

पहिल्या वर्षी पाखरं राखायच्या दिवसांत धोंडाबाईनं हाळी दिली आणि पलीकडून तशीच आली. शेवटचा 'हूय' वर फेकलेला. धोंडाबाई मटकन खाली बसली. मग उठून पुन्हा दिली. पुन्हा आली.

तेव्हापासून वर्षातले चाळीस-पन्नास दिवस मायलेकींचं असं बोलणं चाले. बोलणं म्हणजे काय, तर पाखरं हाकणं. सासू जवळ असली की सगुणाची हाळी आखूड येई. पोर आजारी असली की दिवसभरात चार-पाचच. एखाद्या दिवशी लागोपाठ सात-आठ आल्या की धोंडाबाई समजे, आज पोरीला काहीतरी गोड मिळालं. पानवळीच्या माणसांना वाटे, सून रान चांगलं राखते. त्यांना खरं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी माळ्यावर दुसरी बाई बसली असती. म्हणून धोंडाबाईनं ही गोष्ट देवापुढंसुद्धा तोंडानं काढली नव्हती.

*

पंच येणार ही बातमी मानसिंगानं आदल्या सांजेला दिली. तो तिच्या बांधाला बांध लागून असलेला, त्यामुळं त्याला थोडी लाज होती.

"धोंडाकाकू, उद्या सकाळी पंच पंतांच्या ओटीवर बसणार हायती. तुजा आवाज ऐकाया."

"माजा? म्या काय कीर्तनकार हाय?"

"चेष्टा करू नगं. उद्या घटकाभर गप ऱ्हा. गोफण मार, हात हलीव. आवाज आलाच न्हाई तर तक्रार कशाची? उठून जातील."

"एवडंच ना? ऱ्हाती गप. माजी काय जीभ झडती व्हय?"

सकाळी पंच आले. पंतांनी ओटीवर सतरंजी घातली, चहा केला, स्वतः एका बाजूला वही आणि शिसपेन्सिल घेऊन बसले. पंचांनी चहा बशीत ओतून घेतला. मग सगळे ऐकायला लागले.

काही नाही. नदीचं पाणी, कुठंतरी कोंबडा. माळ्यावर धोंडाबाई उभी, गोफण फिरवत होती. दोरीचा सप्प असा आवाज आणि खड्याचा टप्प. चिमण्या उठत होत्या, बसत होत्या.

पंतांची तारांबळ उडाली. "रोज ह्या वेळेला निदान पंधरा झालेल्या असतात," ते वही उलटत म्हणाले. "परवा सतरा होत्या."

"चहा झ्याक झालाय," बाजी म्हणाला.

पंधरा-वीस मिनिटं गेली. पाटलांनी मांडी बदलली. उठावं असं सगळ्यांच्या मनात आलं, तेवढ्यात पलीकडून आली.

"हुर्रर्र हाऽऽ… हूऽऽऽय!"

पंतांनी उजवीकडच्या रकान्यात रेघ ओढली आणि थबकले. डावीकडं काहीच नव्हतं.

धोंडाबाईनं तोंड दुसरीकडं केलं. खडा लावला, मारला. पलीकडून पुन्हा आली. ह्या वेळी जरा थांबून, जसं दाराबाहेरून माणूस 'हायेस का' विचारतं तशी. धोंडाबाईच्या हातातून गोफणीची दोरी सुटली. ओटीवर पाच पंच, पंत आणि मास्तर बसलेले तिला दिसत होते. घटकाभर, मानसिंग म्हणाला होता. घटका संपत आली होती.

तिसऱ्यांदा आली ती फाटलेली. शेवटचा 'हूय' वर गेलाच नाही, मधेच पडला.

धोंडाबाईनं दोन्ही हात तोंडाशी धरले. तिनं जी हाळी दिली, ती केतकवाडीनं त्या सालात ऐकलेली सगळ्यात मोठी हाळी होती. पाटलांच्या बशीतला चहा हलला असं बाजी पुढं बरेच दिवस सांगत असे. रानातली सगळी पाखरं उठली. पलीकडून लगेच आली, सरळ, वर फेकलेली. धोंडाबाई खाली बसली.

मानसिंगानं कपाळाला हात लावला.

"झालं," पाटील उठत म्हणाले. "ऐकलं."

*

त्याच सांजेला चावडीत खास बैठक भरली. धोंडाबाई खांबाशी उभी. तिला कुणी बस म्हणालं नाही.

"काकू," पाटील म्हणाले, "पाखरं तर समदी गावच राखतंय. तूच एवडी का वरडतीस?"

धोंडाबाई पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत राहिली.

"गोफण हाय. डबा हाय."

"डब्याचाही आवाज होतो," पंत हळूच म्हणाले.

"डबा बी नगं मग. पर वरडायची एवडी गरज काय? सांग की. काय कारण असंल तर मास्तर लिवून घेत्याल."

तिनं एकदा मास्तरांच्या टाकाकडं पाहिलं. टाक कागदावर टेकून वाट बघत होता. लिहिलं की ते भोरला जातं, हे तिनं ऐकलं होतं. आणि चावडीतलं नदी ओलांडायला एक रात्र पण लागत नाही, हे तिला ऐकायची गरज नव्हती.

"सवं हाय," ती म्हणाली.

मास्तरांनी लिहिलं: सवय, असे सांगते.

ठराव क्रमांक एक असा झाला: धोंडाबाई कोंडिबा यांनी पाखरे हाकण्यास पंचायतीची हरकत नाही. मात्र हाकताना तोंडाने, डब्याने वा अन्य साधनाने आवाज करू नये. केल्यास माळा उतरवण्यात येईल. पाच अंगठे पडले. शिक्का पहिल्यांदाच वापरला जात होता. तो उलटा उठला म्हणून पुन्हा मारला. पाटलांनी तो कागद सगळ्यांना फिरवून दाखवला. सात महिन्यांत पंचायतीनं पहिल्यांदा काहीतरी केलं होतं.

*

आवाज न करता पाखरं राखायची म्हणजे पाखरांएवढं हलावं लागतं. माळ्यावरून हात हलवून भोरड्या उठत नाहीत. धोंडाबाई खाली उतरली आणि शाळूत शिरली. ताटं तिच्या डोक्याच्या वर दोन हात. सरीतून वाकून पळायचं, ताटं हलवायची, थवा उठला की दुसऱ्या टोकाला पळायचं. पानांच्या कडा गालाला, हाताला चिरत. दुपारपर्यंत दमानं तोंड कोरडं पडे, आणि ती बांधावर बसली की थवा मागच्या अंगाला उतरलेला असे.

माळा मोकळा राहिला. नदीपलीकडून पाहिलं तर चार मेढी आणि वर एक घोंगडं, एवढंच.

पंतांना पहिल्या दिवशी दुपारी झोप लागली. दोन तास. उठून त्यांनी वही उघडली आणि इकडून ह्या रकान्यात शून्य घातलं. बरं वाटलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. त्यांनी रेघ ओढली. सांजेपर्यंत अशा अकरा रेघा झाल्या.

दप्तरात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला जावक नसताना आलेली आवक फार खटकते. दुसऱ्या दिवशी झोप आली नाही. इकडून शून्य, तिकडून एकवीस. तिसऱ्या दिवशी ते सकाळपासून ओटीवरच बसले. पलीकडची हाळी आता पाखरांच्या वेळेला येत नव्हती. भोरड्या नसताना येत होती. आली की मधे बराच वेळ थांबत होती, कुणीतरी कान देऊन उभं असावं तशी, मग पुन्हा येत होती.

दुपारी पंत धोतर वर धरून बांधावर आले. धोंडाबाई सरीत बसून पायातलं कूस काढत होती. हातांवर पानांचे काप.

"धोंडाबाई, एक विचारायचं होतं. तो प्रतिध्वनी नाही."

तिला शब्द कळला नाही, पण त्यांच्या हातातली वही कळली. ती उठून उभी राहिली.

"पाखरं राखणारी कुनी बाई असंल."

"ती तुम्हाला हाका मारते आहे. मी मोजल्यात. आज दुपारपर्यंत चौतीस."

"चौतीस?" धोंडाबाई म्हणाली. ताटांच्या सळसळीत तिला निम्म्याच ऐकू आल्या होत्या. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं. बऱ्याच वेळानं सोडलं. "माजी सगुणा हाय ती. पंत, कुनाला बोलू नका. तिला माळ्यावरनं काडत्याल."

पंतांनी वही बंद केली. मग सरळ चावडीत गेले. पाटील सुपारी कातरत होते.

"अर्ज मागं घ्यायचा आहे."

"का?"

कारण सांगायचं नव्हतं. पंतांनी आयुष्यात बिनकारणाचा अर्ज केला नव्हता. "मला आता त्रास होत नाही," ते म्हणाले.

"व्हनारच न्हाई. ठराव झालाय की." पाटलांना तो आपल्या कामाचा गौरव वाटला. पंतांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा ते गंभीर झाले. "हे बगा, पंत. ठराव भोरला मंजुरीला गेलाय. पैलाच ठराव. तो आठ दिसांत फिरीवला तर वर काय म्हनत्याल? पेटीत टाका कागद. म्हैन्याच्या बैठकीत उगडू."

"तोवर शाळू काढणीला येईल."

"मग तर पाखराचा प्रश्नच न्हाई."

पंतांनी कागद लिहून पेटीत टाकला. पत्र्यावर तो पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

*

चौथ्या दिवशी धोंडाबाईचा पाय सरीत मुरगळला. घोटा टोपलीएवढा झाला. हळद आणि चुना लावून ती खोपटात पडली. खोपट बांधाच्या खालच्या अंगाला. तिथून रान दिसत नव्हतं, पण भोरड्यांचा कलकलाट ऐकू येत होता. वर्षाची भाकर पाखरं खात होती आणि ती छपराच्या आड्याकडं बघत होती.

पंतांना ओटीवरून सगळं दिसत होतं. काळं-गुलाबी कापड रानावर पसरलं, उठलंच नाही. पलीकडून हाळी येतच होती. एक. दोन. पाच.

ते उठले. टोपी काढून खुंटीवर ठेवली. दुसऱ्या खुंटीवर, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. रानात आले आणि मेढीला धरून माळ्यावर चढायला लागले. दोनदा घसरले. धोतर बाभळीच्या खोंबाऱ्याला अडकून फाटलं. वर गेल्यावर आधी घोंगड्यावर बसावं लागलं.

त्यांचा हिशेब सरळ होता. पाखरं उठतील, आणि पलीकडच्या पोरीला कळेल की इकडं माणूस आहे. इकडून एक गेली म्हणजे झालं. हाळ्या त्यांनी हजारांनी मोजल्या होत्या, त्यामुळं ती कशी द्यायची हे त्यांना पाठ होतं. ते उभे राहिले, हात तोंडाशी धरले आणि पासष्ट वर्षांत पहिल्यांदा ओरडले.

"हुर्र… हाऽऽ… हूय!"

आवाज चिरकला. तरी भोरड्या उठल्या. सगळ्या. पंतांना एकदम हसू आलं, त्यांनी आणखी एक दिली, त्याहून मोठी.

पलीकडची हाळी मधेच तुटली. पलीकडच्या माळ्यावर एक ठिपका उभा होता. तो थोडा वेळ तसाच राहिला. मग खाली गेला.

पंत वाट बघत राहिले. काहीच आलं नाही.

रान राखणारं माणूस गेलं तरी पाखरं थांबत नाहीत. म्हणून आमच्याकडं मढं घरात असलं तरी कुणीतरी भावकीतलं उघड्या डोक्यानं त्याच्या माळ्यावर चढतं. हे पानवळीत पोराला पण ठाऊक आहे. दप्तरदार पंतांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. चार दिवस माळा मोकळा, चार दिवस उत्तर नाही, आणि मग आईच्या माळ्यावर डोकं उघडं टाकलेला परका पुरुष.

अर्ध्या तासानं उताराकडून हंबरडा आला.

"आयेऽऽ… माज्या आयेऽऽ… तू बी त्वांड दावलं न्हाईस गंऽऽ… बापाच्या वाटंला एकटी गेलीस गंऽऽ…"

सगुणा नदीतून येत होती. लुगडं मांडीपर्यंत भिजलेलं, कडेवर वर्ष-दीड वर्षाची पोर, तीही आईचं बघून रडत होती. केतकवाडीच्या बाया दारात आल्या. पाटील चावडीतून बाहेर आले. कुणाचं काय झालं ते कुणालाच कळेना, तरी दोघी-तिघींनी रीत म्हणून पदर डोळ्याला लावला.

खोपटात धोंडाबाईनं आवाज ओळखला. पलीकडं कुणीतरी गेलं, तिच्या मनात आलं. जावई? ती सुजलेल्या पायावर उठली, भिंतीला धरून दारात आली. समोरून लेक येत होती, तिचंच नाव घेऊन रडत. आपलं रडणं आपल्या कानानं ऐकायचं फार थोड्यांच्या नशिबी असतं.

"सगे," ती म्हणाली. "अगं सगे, म्या हाय की."

सगुणाचा हंबरडा थांबला नाही. तो सुरूच राहिला, फक्त त्यातले शब्द गेले. ती आईच्या अंगावर पडली. दोघी उंबऱ्यात खाली बसल्या. पोर मधे सापडली आणि आणखी मोठ्यानं रडायला लागली. धोंडाबाईनं तिला ओढून समोर धरलं, तिचं नाक पदरानं पुसलं आणि तोंड पाहिलं. कोंडिबाची हनुवटी होती.

"नाव काय ठिवलंस?"

"ठकी."

"ठकुबाई," धोंडाबाईनं म्हणून पाहिलं.

पाटील, बाजी आणि मानसिंग बांधावर येऊन उभे राहिले. पंत माळ्यावरच होते. चढले होते, पण उतरता येत नव्हतं.

"पाटील," बाजी हळूच म्हणाला, "ठराव मोडला. माळा उतरवायचा का?"

"ठराव धोंडाकाकूवर हाय," मानसिंग म्हणाला. "पंतांवर न्हाई."

पाटील माळ्याकडं चालू लागले. त्यांनी वर जाऊन पंतांना हात दिला.

*

सगुणाला तासभर मिळाला. तेवढ्यात तिनं आईच्या पायाला पुन्हा हळद लावली आणि चुलीवर दोन भाकरी टाकल्या. एक आईनं खाल्ली, एक तिनं. मग तिचा दीर ज्ञानू आला. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. माणूस वाईट नव्हता. खाली बघत बोलत होता.

"वैनी, चला. दादा नदीवर उबा हाय."

"आय आजारी हाय, भावजी."

"जित्ती हाय ना? चला." मग धोंडाबाईकडं न बघता म्हणाला, "आमाला वाटायचं पाखरं राखतीया. निघताना वरडली, चार दिस आयची हाळी न्हाई म्हून, तवा कळलं. तीन वर्सं आमच्या माळ्यावरनं म्हायेराशी बोलत हुती. थोरल्यांना लई लागलंय ते."

सगुणानं पोर कडेवर घेतली. बांधापर्यंत मागं वळून बघत गेली, मग शाळू आडवा आला.

महिन्याच्या बैठकीत पाटलांनी पेटी उघडली. पंतांचा कागद निघाला. ठराव क्रमांक दोन: ठराव क्रमांक एक रद्द. शिक्का सुलटा उठला. धोंडाबाईला वाटेल तेवढा आवाज करायची मुभा मिळाली. शाळू पिवळा पडला होता, काढणीला चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लंगडत माळ्यावर चढली. पंत ओटीवर येऊन बसले. त्यांनी नवं पान काढलं, मधोमध रेघ मारली.

"हुर्रर्र हाऽऽ… हूऽऽऽय!"

आवाज नदी ओलांडून गेला. थोड्या वेळानं पलीकडच्या माळ्यावरून डबा वाजला. खड खड खड. मग पुन्हा खड खड.

धोंडाबाईनं हात खाली घेतले. मग ओटीकडं तोंड करून ओरडली, "पंत, काय वाजलं?"

पंतांनाही आता ओरडून बोलावं लागलं. "डबा!"

"डबाच ना? तुमचं कान चांगलं हायती, म्हून इच्यारलं."

"डबाच, धोंडाबाई."

तिनं मान हलवली. हात तोंडाशी धरले आणि पुन्हा हाळी दिली, शेवटचा 'हूय' वर फेकून.

पंतांनी लिहिलं, इकडून दोन. उजवीकडच्या रकान्यावर पेन्सिल टेकवून ते बराच वेळ बसून राहिले.